ऑटोमॅटिक घड्याळ सकाळी बंद सापडतं? झाकण उघडण्याआधी तास मोजा

‘दिवसभर हातात असतं, रात्री काढून टेबलावर ठेवतो आणि सकाळी बघावं तर पहाटे कधीतरी थांबलेलं. जरा हलवलं की लगेच चालू होतं. दोन-चार दिवस नीट चालतं, मग पुन्हा तेच.’

ऑटोमॅटिक घड्याळाची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. बहुतेक जण घड्याळ उचलून घड्याळजीकडे नेतात आणि ‘सर्व्हिसिंग करून द्या’ म्हणतात. कधी गुण येतो, कधी महिन्याभरात घड्याळ पुन्हा थांबायला लागतं, कारण मूळ दोष कुणी शोधलेलाच नसतो. माझं सांगणं एवढंच आहे, की अशा घड्याळाला आधी पूर्ण चावी द्यावी आणि ते किती तास चालतं ते मोजावं. दोष घड्याळात आहे की वापरात, आणि घड्याळात असला तर साधारण कुठल्या भागात, हे त्या आकड्यावरून बरंचसं कळतं. त्यासाठी हत्यार लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.

शक्ती येते कुठून

ऑटोमॅटिकमध्ये बॅटरी नसते. धातूची एक लांब पातळ पट्टी, म्हणजे मुख्य स्प्रिंग, एका गोल डबीत गुंडाळलेली असते. या डबीला बॅरल म्हणतात. स्प्रिंग उलगडू लागते तसं बॅरल फिरतं, ते पुढच्या चक्रांना फिरवतं आणि शेवटी बॅलन्स चक्र हेअरस्प्रिंग या केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर मागे-पुढे झुलत राहतं. सेइकोच्या ७एस२६ किंवा मियोटाच्या ८२१५ या मशीनमध्ये तासाला २१,६०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ६. स्विस ईटीए २८२४ मध्ये तासाला २८,८००, म्हणजे सेकंदाला ८.

हातानं चावी द्यायच्या घड्याळात ही स्प्रिंग तुम्ही रोज गुंडाळता. ऑटोमॅटिकमध्ये ते काम रोटर करतो. पाठचं झाकण काचेचं असेल तर तो दिसतो: मधोमध टेकलेलं, कडेला जड असलेलं अर्धगोल वजन. मनगट वळलं की जड बाजू खाली यायला बघते आणि रोटर फिरतो. तो दोन्ही बाजूंना फिरतो, स्प्रिंग मात्र एकाच दिशेनं गुंडाळली गेली पाहिजे. ईटीएमध्ये त्यासाठी उलट-सुलट फिरणं एका दिशेत बदलणारी दोन छोटी चक्रं असतात. सेइकोनं १९५९ मध्ये ‘मॅजिक लिव्हर’ आणला. त्याचे दोन पंजे दातेरी चक्राला आळीपाळीनं ओढतात आणि ढकलतात, त्यामुळे रोटर कुठेही वळला तरी चक्र पुढेच जातं. मियोटा ८२१५ मध्ये रोटर एकाच दिशेला फिरताना चावी भरते, दुसऱ्या दिशेला तो मोकळा गरगरतो. हात झटकला की घरघर ऐकू येते, मनगटाला हलका हेलकावाही जाणवतो. अनेक जण हा आवाज ऐकून घाबरतात, पण त्या मशीनची रचनाच तशी आहे.

आणखी एक भाग समजून घ्यायला हवा. ऑटोमॅटिकच्या स्प्रिंगचं बाहेरचं टोक बॅरलच्या भिंतीला पक्कं अडकवलेलं नसतं. स्प्रिंग पूर्ण भरली की ते टोक भिंतीवरून घसरतं. घसरणाऱ्या स्प्रिंगची ही युक्ती आद्रियँ फिलिप यांनी १८६३ मध्ये पेटंट केली, तेव्हा मनगटी ऑटोमॅटिक अजून दूर होतं. त्यामुळे दिवसभर कितीही हात हलवले तरी ऑटोमॅटिक ‘जास्त चावी देऊन’ तुटत नाही. मात्र हे टोक नेमक्या जोरालाच घसरावं म्हणून भिंतीला खास जाड ग्रीस लावलेलं असतं. ते वाळलं किंवा चुकीचं लावलं गेलं, तर स्प्रिंग पूर्ण भरायच्या आधीच घसरते. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. घड्याळ चालतं, वेळही बरी दाखवतं, फक्त रात्रभर टिकत नाही.

दोन चाचण्या

पहिली चाचणी साठ्याची. घड्याळ थांबू द्या. मग बाजूची चावी, म्हणजे क्राउन, न ओढता आहे त्याच जागी वरच्या दिशेनं सावकाश फिरवा. क्राउन आट्यांचा असेल तर आधी सोडवून घ्या. सेइकोच्या एनएच३५ ला पूर्ण भरायला ५५ फेरे लागतात, इतर बऱ्याच मशीनना ३० ते ४० पुरतात. ऑटोमॅटिकमध्ये चावी ‘संपली’ असं बोटाला लागत नाही, म्हणून ती अडेपर्यंत फिरवायची वाट बघू नका, फेरे मोजा. मग वेळ लावून, तबकडी वर करून, मोबाइल आणि स्पीकरपासून दूर ठेवून द्या आणि कागदावर तारीख-वेळ लिहा. थांबलं की नेमकं कधी थांबलं ते काटेच सांगतात, तारखेच्या खिडकीवरून दिवसही कळतो. जागत बसायची गरज नाही.

काही मशीनना हातानं चावीच देता येत नाही. सेइको ५ मालिकेतल्या असंख्य घड्याळांतलं ७एस२६ त्यातलंच. ओरिएंटचं बांबिनो हे दिसायला अतिशय देखणं पुरुषांचं घड्याळ, त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीतही ही सोय नव्हती, नंतरच्या एफ६७२४ मशीनमध्ये ती आली. अशा जुन्या घड्याळाचा क्राउन पहिल्या जागी कितीही फिरवलात तरी स्प्रिंगमध्ये काही जात नाही. लोक महिनोन्‌महिने तसा फिरवत बसतात. असं घड्याळ असेल तर चाचणीआधी दोन दिवस ते झोपतानाही हातातच ठेवा, म्हणजे स्प्रिंग भरलेली आहे असं धरता येईल.

दुसरी चाचणी रोटरची. थांबलेलं घड्याळ चावी न देता आडवं धरून अर्धा मिनिट हळुवार झुलवा, चालू झालं की वेळ लावून हातात घाला. नेहमीचा दिवस काढा, जास्त हालचाल मुद्दाम करू नका. रात्री काढून ठेवा आणि किती तास चालतं ते बघा.

आता आकडे वाचायचे. ७एस२६, एनएच३५, मियोटा ८२१५ यांनी पूर्ण चावीवर सुमारे ४० तास काढायला हवेत, ईटीए २८२४ नं ३८ च्या आसपास, आणि पॉवरमॅटिक ८० या मशीननं नावाप्रमाणे ८०. पहिल्या चाचणीत घड्याळ एवढं चाललं आणि दुसरीत रात्रीच गळपटलं, तर टाकी धड आहे, नळाला पाणी कमी येतंय. पहिल्या चाचणीतच २०-२५ तासांत थांबलं, तर टाकीच गळते आहे. हा फरक कळल्याशिवाय दुरुस्तीवर पैसे घालू नयेत, असं मी ठामपणे म्हणेन.

साठा ठीक, पण भरत नाही

यात सगळ्यात मोठं कारण वापरणाऱ्याचा दिवस. संगणकावर आठ तास काम करणाऱ्या माणसाला वाटतं की बोटं सतत चालतात, म्हणजे घड्याळ भरत असणार. पण टंकताना मनगट टेबलाला टेकलेलं असतं आणि रोटरला मनगटाचं वळणं लागतं. गाडी चालवतानाही हात स्टिअरिंगवर स्थिरच असतात. सेइकोच्या माहितीपत्रकात दिवसाला ८ तासांहून जास्त घड्याळ हातात ठेवा, असा सल्ला असतो. लग्नाला किंवा कार्यक्रमाला चार तास घालायचं आणि पुन्हा कपाटात ठेवायचं, अशा वापरात कुठलंही ऑटोमॅटिक सकाळपर्यंत टिकेल याची खात्री नाही. निवृत्त झालेल्या वडिलांना हौसेनं ऑटोमॅटिक भेट दिलं आणि ते सारखं थांबतं, अशी तक्रार आली की घड्याळावर संशय घेण्याआधी बाबांचा दिवस कसा जातो ते विचारावं. वयानुसार, आजारपणात हालचाल कमी होते. घड्याळ बिचारं मिळेल तेवढंच साठवणार.

दोष हाताचा की रोटरचा, हे ठरवायला एक सोपा मार्ग आहे. घरातल्या चालत्या-फिरत्या माणसाला एक दिवस ते घड्याळ घालायला द्या. त्याच्या हातात ते रात्रभर चाललं, तर दुरुस्तीची गरज नाही. सकाळी घालण्याआधी क्राउनचे वीस-पंचवीस फेरे द्या, प्रश्न मिटला. बाबांच्या घड्याळाला चावीची सोय नसेल, तर त्यांच्यासाठी हातानं चावी द्यायचं किंवा बॅटरीचं घड्याळ जास्त सुखाचं.

त्याच्या हातातही थांबलं, तर रोटरकडे वळा. काचेच्या झाकणातून बघत घड्याळ उभं धरा आणि सावकाश फिरवा. रोटर अडखळत, मध्येच लटकून राहत असेल तर बेअरिंगमध्ये मळ आहे किंवा ते झिजलं आहे. खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर रोटरचा स्क्रू सैल होऊन तो झाकणाला घासत असण्याची शक्यता मोठी. हे घड्याळ वापरणं त्याच दिवशी थांबवा, कारण घासून निघालेली धातूची भुकटी मशीनमध्येच पडते. तिसरी खूण ईटीए २८२४ आणि सेलिटा एसडब्ल्यू२०० या मशीनमध्ये हमखास दिसते: हातानं चावी देताना रोटरही बरोबर गरागरा फिरू लागतो. असं झालं तर उलट-सुलट चक्रं चिकटली आहेत. ती काढून साफ करावी लागतात, प्रसंगी बदलावी लागतात, आणि तोवर त्या घड्याळाला हातानं चावी देऊ नये.

अनेक जण या टप्प्यावर घड्याळ फिरवत ठेवणारी वाइंडर पेटी विकत घेतात. पेटीसुद्धा रोटरमार्फतच चावी भरते. रोटरची चक्रं चिकटलेली असतील तर पेटीत ठेवूनही स्प्रिंग भरणार नाही, वर झीज वाढेल.

साठाच टिकत नाही

पहिल्या चाचणीत नापास झालेल्या घड्याळात तीन शक्यता असतात: बॅरलचं ग्रीस गेलेलं, स्प्रिंग थकलेली किंवा तेल वाळून चक्रं जड झालेली. घरी यातलं काही करता येत नाही. पण घड्याळजीकडे टायमिंगचं यंत्र असेल तर त्यावरचा आकडा मागून घ्या. बॅलन्स चक्र मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश जातं, तो आकडा. पूर्ण चावीवर, तबकडी वर असताना २७० ते ३१० अंश म्हणजे प्रकृती उत्तम. २२० च्या खाली असेल तर मशीन सुटं करून साफ करावं लागणार. झुला छान, वेळही बरोबर, आणि तरी घड्याळ वीस तासांत थांबतं, असं असेल तर बोट थेट बॅरलकडे जातं. हे वाक्य घड्याळजीला आवर्जून सांगा. सर्व्हिसिंग करताना बॅरल न उघडता तसंच परत बसवलं गेलं, तर उरलेलं सगळं काम कितीही चोख असलं तरी तक्रार कायम राहते.

नेहमी त्याच वेळी थांबत असेल तर

थांबलेल्या घड्याळाची वेळ चार-पाच वेळा लिहून ठेवली की कधी कधी एक नमुना दिसतो, आणि तो फार बोलका असतो. रात्री अकरा ते दोनच्या दरम्यानच घड्याळ थांबतं का? त्या वेळात मशीन तारखेची, काही घड्याळांत वाराचीही, चकती ढकलत असतं. एरवीच्या मानानं हे ओझं मोठं. आधीच दमलेली स्प्रिंग तिथे हार मानते, किंवा तारखेच्या चक्राचा दात दुखावलेला असतो. तो दुखावण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रात्री तारीख बदलणं. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात क्राउननं तारीख कधीही बदलू नका. थांबलेलं घड्याळ लावताना आधी काटे सकाळच्या सहावर आणा, तारीख आदल्या दिवसाची लावा, आणि मग काटे पुढे फिरवत आजच्या तारखेला या.

तास कुठलाही असो, मिनिटकाटा दरवेळी त्याच जागी अडकत असेल तर काटे एकमेकांना किंवा तबकडीला घासत आहेत. हे काम छोटं आहे, त्यासाठी संपूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे देऊ नयेत.

क्राउन पूर्ण आत न बसल्यामुळे बंद राहिलेली घड्याळंही दुकानात येतात. वेळ नीट लावता यावी म्हणून एनएच३५ सारख्या मशीनमध्ये क्राउन ओढला की सेकंदकाटा थांबतो. क्राउन एकदा दाबून बघायला काय हरकत आहे?

पुढे पळणारं घड्याळ

थांबत नाही, पण कालपर्यंत ठीक असलेलं घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं, तर चुंबकाचा संशय घ्या. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की तिची कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्स चक्र भराभर झुलू लागतं. मोबाइलच्या कव्हरमधले, टॅब्लेटच्या झाकणातले, स्पीकरमधले चुंबक यासाठी पुरेसे आहेत. घड्याळ साध्या होकायंत्राजवळ नेलं आणि सुई हलली तर संशय पक्का. डीमॅग्नेटायझर नावाच्या छोट्या यंत्रावर काही सेकंदांत काम होतं. दिवसाला दहा-पंधरा सेकंदांचा फरक मात्र दोष मानू नका. ७एस२६ ची ठरवून दिलेली मर्यादाच दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे अशी आहे. प्रमाणित स्विस क्रोनोमीटरला, म्हणजे अचूकतेची परीक्षा पास झालेल्या घड्याळालासुद्धा, दिवसाला ४ सेकंद मागे, ६ पुढे एवढी सूट असते.

पाऊस आणि घाम

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर घड्याळं जास्त थांबतात, आणि त्यामागे बहुधा क्राउनच्या भोकातून आत गेलेला दमटपणा असतो. ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाचा जन्मच या भोकाच्या त्रासातून झाला. जॉन हारवुड हे इंग्रज घड्याळजी दुरुस्तीला आलेल्या घड्याळांत पुन्हा पुन्हा तेच बघत होते: चावीच्या दांडीच्या वाटेनं धूळ आणि पाणी आत शिरलेलं. मग चावीच काढून टाकली तर? त्यांच्या ऑटोमॅटिकला १९२४ मध्ये स्विस पेटंट मिळालं. बाजूला क्राउन नव्हता, काटे लावायला काचेभोवतीचं कडं फिरवायचं. आतलं वजन पूर्ण गोल फिरत नसे, दोन्हीकडे स्प्रिंगवर आपटून परत येई, आणि पूर्ण भरलेलं घड्याळ जेमतेम १२ तास चाले. पूर्ण ३६० अंश फिरणारा रोटर रोलेक्सनं १९३१ मध्ये आणला आणि एटर्नानं १९४८ मध्ये त्याला बॉल बेअरिंगवर बसवलं. क्राउन पुन्हा आला, त्याच्याबरोबर रबरी वॉशर आले, आणि वॉशर काही वर्षांत कडक होतात.

काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. क्राउन ओढू नका, तांदळाच्या डब्यात ठेवून आठवडा घालवू नका, त्याच दिवशी उघडून वाळवून घ्या. पोलादी भागांना गंज लवकर धरतो, आणि गंजलेली चक्रं साफ करून पूर्वीसारखी होत नाहीत. ‘३० मीटर’ असं लिहिलेलं नाजूक, पातळ घड्याळ पावसाच्या शिंतोड्यांपुरतं असतं. पोहायला किंवा धबधब्याखाली ते नेऊ नये.

घड्याळजीकडे जाताना

दोन्ही चाचण्यांचे तास आणि थांबण्याच्या वेळा लिहिलेला कागद बरोबर न्या. चांगला घड्याळजी तो कागद बघून खूश होतो, त्याचा अर्धा शोध वाचलेला असतो. मशीन पूर्ण सुटं करणार का, बॅरल उघडणार का, वॉशर बदलणार का, हे तीन प्रश्न विचारा. मशीन तसंच्या तसं पेट्रोलमध्ये बुडवून, वर तेलाचा थेंब सोडून दिलेलं घड्याळ काही दिवस झकास चालतं आणि मग पहिल्यापेक्षा लवकर थांबतं, कारण पेट्रोलनं सैल झालेला मळ आतच राहतो आणि नको तिथे पसरतो. परत आणल्यावर पहिली चाचणी पुन्हा करा. तास ४० च्या आसपास गेले नाहीत तर लगेच परत न्या.

जुन्या एचएमटीबद्दल वेगळं सांगायला हवं. सिटिझनच्या सहकार्यानं १९६१ मध्ये बंगळुरूला सुरू झालेल्या या कारखान्याची ऑटोमॅटिक घड्याळं अनेक मराठी घरांत लग्नात मिळालेली, आजोबांनी वापरलेली अशी जपून ठेवलेली आहेत. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, त्यामुळे सुटे भाग बहुतेक दुसऱ्या जुन्या घड्याळांतून काढून बसवले जातात. घरातलं असं घड्याळ थांबत असेल तर आधी चाचणी, मग भाग बदलायचा विचार, हा क्रम इथे दुप्पट महत्त्वाचा. ऑनलाइन मिळणाऱ्या, नव्यानं रंगवलेल्या झगझगीत तबकडीच्या ‘जुन्या’ ऑटोमॅटिकच्या बाबतीत विकणाऱ्याला आतल्या मशीनचा फोटो मागा आणि पूर्ण चावीवर ते किती तास चालतं ते विचारा. तो आकडा देत नसेल तर घेऊ नका.